फाशांचा कौल आणि कल्पनेतले मुलूख

मागील अंकातील खेळांवरच्या लेखात टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचा, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांतून एकच कुतूहल दिसते: या खेळांमधली अद्भुत जगे कुठल्या साहित्यातून आणि कुणाच्या डोक्यातून उभी राहिली? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी नात आणि तिच्या चार मैत्रिणी दर रविवारी दुपारी टेबलाभोवती बसतात. समोर पट नसतो, सोंगट्या नसतात. कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे असतात. चार तास नुसते बोलणे चालते आणि उठताना ‘कोण जिंकले गं?’ असे विचारले, तर सगळ्या हसतात. हा खेळ आहे तरी काय आणि आला कुठून? — एक आजी, सातारा

आजी, त्या हसतात, कारण या खेळात कुणी जिंकतच नाही. पाचांपैकी एक जण सूत्रधार होते आणि ठिकाणाचे, प्रसंगाचे वर्णन करते. बाकीच्या प्रत्येकीकडे एकेक पात्र असते आणि त्या प्रसंगी आपले पात्र काय करील ते ती सांगते. दरी उडी मारून ओलांडता येईल की नाही, पहारेकरी थापेवर विश्वास ठेवील की नाही, असे जिथे आधी सांगता येत नाही, तिथे फासा टाकायचा. कोकणात देवाला कौल लावतात, त्या रीतीशी याचे थोडे नाते लागते: प्रश्न माणसाने विचारायचा, उत्तर आपल्या हाताबाहेर सोपवायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ पुन्हा माणसांनीच लावायचा.

याचे मूळ युद्धखेळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच अशी मांडणी असलेला खेळ रुजला होता. पुढे हौशी मंडळी खेळण्यातले शिपाई घेऊन अशा लढाया खेळू लागली. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावावर एक लढाई मांडली आणि सैन्ये एकमेकांना भिडण्याआधी काही खेळाडूंना गावातल्या एकेका असामीची भूमिका वाटून दिली. खेळाडू त्या भूमिकांत, आपापसांतल्या कटकारस्थानांत इतके रंगले, की लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला वाटले, खेळ फसला. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनला मात्र त्यात काही वेगळे दिसले आणि त्याने ब्लॅकमूर नावाचा किल्ला आणि त्याखालची भुयारे रचून हीच रीत अद्भुताच्या प्रदेशात नेली. १९७२ च्या अखेरीस तो हा खेळ घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्सकडे गेला आणि दोघांच्या नावाने जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या १०००.

प्रश्न : बुटके, यक्षासारखे एल्फ, दाढीवाले जादूगार, ड्रॅगन. हे सगळे टोल्कीनच्या कादंबऱ्यांतून जसेच्या तसे उचललेले नाही काय? मग यात सर्जनशील ते काय? — एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे

तुमचा संशय अर्धा खरा आहे. सुरुवातीच्या पुस्तिकांमध्ये ‘हॉबिट’ हा, टोल्कीनच्या ठेंगण्या लोकांचा, शब्द सरळ छापलेला होता. टोल्कीनच्या कथांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली, तेव्हा हॉबिटचा ‘हाफलिंग’ झाला, चालणाऱ्या वृक्षाचे ‘एन्ट’ हे नाव ‘ट्रीअन्ट’ झाले आणि ‘बॅलरॉग’ हा अग्निदैत्य नाव बदलून राहू लागला. टोल्कीनचा आपल्यावर फारसा प्रभाव नाही, असे गायगॅक्स पुढे अनेकदा सांगत असे. त्या सांगण्यात कायद्याची धास्ती किती आणि प्रामाणिकपणा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते दोन्ही होते.

प्रामाणिकपणा होता असे म्हणायचे कारण एका यादीत सापडते. १९७९ सालच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या पुस्तकाला जोडलेल्या एका परिशिष्टात गायगॅक्सने आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची नावे दिली आहेत. त्यात टोल्कीन आहे, पण गर्दीतला एक म्हणून. खेळाचा सांगाडा तपासला, तर दुसरीच हाडे लागतात. जादूगाराने सकाळी मंत्र पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो स्मरणातून पुसला जायचा, हा चमत्कारिक नियम जॅक व्हान्सच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डाइंग अर्थ’ या कथांमधला आहे. तो खेळात इतका चपखल बसला, याचे कारण साहित्यिक कमी आणि हिशेबी जास्त आहे: जादूगाराची शक्ती मोजून-मापून देता आली नाही, तर तलवारवाल्यांनी टेबलाशी बसायचेच कशाला? या ऋणाची गंमतशीर पावतीही खेळात आहे. व्हान्स या नावाची रोमन अक्षरे उलटसुलट केली की ‘वेक्ना’ होते, आणि वेक्ना हा या खेळातला एक कुप्रसिद्ध मृत मांत्रिक आहे. हातपाय तोडले तरी पुन्हा जुळणारा आणि फक्त आगीला बधणारा ट्रोल पोल अँडरसनच्या कादंबरीतून आला. व्यवस्था आणि अनागोंदी या दोन वैश्विक पक्षांची कल्पना अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांची. चोरांचा स्वतःचा संघ असलेले बकाल, मोहक शहर फ्रिट्झ लायबरचे. आणि पडक्या नगरांत शिरून खजिना लुटणारा, कुणाचाही मिंधा नसलेला वीर रॉबर्ट हॉवर्डचा. टोल्कीनची माणसे जग वाचवण्यासाठी घराबाहेर पडतात. या खेळातली माणसे, निदान पहिल्या काही वर्षांत, पोटासाठी आणि सोन्यासाठी बाहेर पडत. तो वारसा उघडच हॉवर्ड-लायबरचा आहे.

सगळे साहित्यातूनच आले असेही नाही. गायगॅक्सला हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लॅस्टिक प्राण्यांचे एक पाकीट मिळाले होते. धड डायनासोर नव्हेत, धड कीटक नव्हेत, अशा त्या बेढब खेळण्यांना नावे आणि स्वभाव देण्यात आले आणि त्यातून अस्वलाच्या अंगाचा घुबडतोंड्या, स्पर्शाने तलवारीला गंज चढवणारा प्राणी, जमिनीखालून माशासारखा सुळकन येणारा भक्षक असे या खेळाचे अस्सल रहिवासी जन्मले. कुठल्याही पुराणात ते नाहीत.

राहिला प्रश्न उचलेगिरीचा. टोल्कीनने स्वतः आपल्या बुटक्यांची नावे, गँडाल्फसुद्धा, एका जुन्या आइसलँडी काव्यातून घेतली होती. आपल्याकडे एकाच रामकथेची किती रामायणे झाली, हे ग्रंथपालांना मी काय सांगावे!

प्रश्न : मुलाच्या खेळाच्या पुस्तकात ‘राक्षस’ या नावाखाली वाघाचे तोंड असलेला, झगा घालून पाइप ओढणारा एक गृहस्थ आहे. हा आमच्या कुठल्या पुराणातला? — एक पालक, कोल्हापूर

कुठल्याच नाही, तो दूरचित्रवाणीवरून आलेला आहे. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘कोलचॅक’ या भयकथांच्या मालिकेच्या एका भागात एक राक्षस दाखवला होता. तो समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन जवळ येतो आणि अभिमंत्रित बाणानेच मरतो. गायगॅक्सने तो भाग पाहिला आणि राक्षस खेळात आणला. ‘ज्याच्यावर विश्वास त्याचे रूप’ हेही घेतले आणि यांत्रिक धनुष्यातून सोडलेला अभिमंत्रित बाणही घेतला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने त्याला व्याघ्रमुख, कोट आणि पाइप दिला. चित्र इतके झोकदार होते, की पुढच्या सगळ्या आवृत्त्यांनी तोच चेहरा प्रमाण मानला. नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे तळहातही उलटे झाले. आपल्याकडच्या भुतांची उलटी पावले आठवावीत असा हा योगायोग आहे, पण तो योगायोगापलीकडे नेण्याचा मोह मी टाळतो.

तरीही तुम्ही रागावण्याआधी एक गोष्ट पाहा. बाण आणि पाइप बाजूला ठेवला, तर उरतो तो मायावी, हवे ते रूप घेणारा आणि विश्वासघाताने घात करणारा राक्षस. कांचनमृग झालेला मारीच आणि भिक्षेची झोळी घेऊन सीतेच्या दाराशी आलेला रावण याच कुळातले. तिसऱ्या-चौथ्या हातून गेल्यावरही गाभा टिकला आणि वेश मात्र कुणाचाही चढला. ऐकीव स्फूर्तीचे बहुधा असेच होते. ज्यांनी मूळ वाचलेले आहे त्यांनी खेळ रचला तर काय होते, ते पुढे एका उत्तरात येईल.

प्रश्न : या पुस्तकांत सैतान आणि पिशाच्चे असतात. मुलांवर परिणाम होत नाही का? — तेच पालक

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक पालकांनी हीच भीती मोठ्या आवाजात बोलून दाखवली होती. त्याचा परिणाम झाला तो प्रामुख्याने पुस्तकांवर: १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले गेले आणि थोड्याच काळात तीच मंडळी ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ अशी बनावट नावे धारण करून परतली. गंमत अशी, की ही नावे कुठल्याच धर्माची नसल्याने त्यांच्याभोवती स्वतंत्र इतिहास, वैर आणि न संपणारे युद्ध रचावे लागले. मुलाशेजारी एक दुपार बसून पाहा, एवढेच सुचवतो.

प्रश्न : मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दैवते, भाषा, समाजरचना यांचा खरा अभ्यास असलेल्या कुणी असे जग रचले आहे का? भारताशी त्याचा संबंध आहे का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना एक नाव उत्साहाने घ्यावे लागते आणि त्याच दमात जड मनानेही. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाविषयक विषय शिकवणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांनी उर्दूची पाठ्यपुस्तके लिहिली, अमेरिकेतल्या क्लामाथ या आदिवासी भाषेचे व्याकरण सिद्ध केले आणि लहानपणापासून मनात वाढवलेल्या टेकुमेल या जगावर १९७५ साली ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ प्रसिद्ध केला. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच प्रकाशकांनी छापला. त्यात एल्फ नाहीत, युरोपातले सरदार नाहीत. भारत, प्राचीन इजिप्त आणि मेक्सिकोतल्या माया-अॅझटेक संस्कृती यांच्या वळणाचे एक साम्राज्य आहे, त्याची त्सोल्यानी ही भाषा व्याकरणासह तयार आहे, दैवते वीस आहेत आणि ती स्थैर्य आणि परिवर्तन अशा दोन पक्षांत विभागलेली आहेत. माणसाची ओळख त्याच्या कुळावरून ठरते.

मला त्यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते धातूंचे दुर्भिक्ष. टेकुमेलवर लोखंड जवळजवळ नाही आणि स्वारीसाठी घोडाही नाही. एवढ्या दोन गोष्टींवरून सगळे बदलते. च्लेन नावाच्या संथ, महाकाय जनावराचे कातडे कमावून त्याची चिलखते आणि शस्त्रे होतात; घोडदळ नसल्याने सैन्ये पायी चालतात आणि पोलादी तलवार ही राजघराण्यात जपावी अशी वस्तू ठरते. शिवाय खेळाडूंची पात्रे या साम्राज्यात परक्या देशातून होडीतून येतात आणि त्यांना जकाल्ला शहराच्या परदेशी वस्तीत राहावे लागते. खेळाडूला इथले रीतिरिवाज ठाऊक नाहीत, तर त्याच्या पात्रालाही ते ठाऊक नसावेत, ही युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी कुणाला सुचली कशी नाही याचे नवल वाटते. एवढे असूनही हे जग मोजक्याच लोकांचे राहिले. ज्या गावात पाहुण्याला पाण्याचा पेला मागण्याआधी व्याकरण शिकावे लागते, तिथे वर्दळ कमीच असणार.

आता जड मनाचा भाग. बार्कर २०१२ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीरपणे मान्य केले, की १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी त्यांनीच लिहिली होती. इतक्या संस्कृतींच्या भाषा प्रेमाने शिकलेल्या माणसाच्या मनात हे विष कसे राहिले, याचा मेळ मला लावता आलेला नाही. टेकुमेलविषयी लिहिताना हे झाकून ठेवू नये, एवढे मात्र मला पक्के वाटते.

दुसरे नाव ग्रेग स्टॅफर्डचे. ग्लोरान्था हे त्याचे जग १९६६ पासून त्याच्या मनात वाढत होते आणि १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने ते प्रसिद्ध झाले. तिथले एल्फ म्हणजे चालत्या-बोलत्या वनस्पती. पण खरा चमत्कार दैवतकथांचा आहे. वादळाचा देव ऑरलान्थ सूर्यसम्राटाला ठार करतो, जगावर अंधार पसरतो आणि मग तोच देव पाताळात उतरून सूर्याला परत आणतो. ऑरलान्थचे भक्त हे जुलमी सत्तेविरुद्धचे बंड म्हणून गातात. सूर्योपासक त्यालाच राजहत्या म्हणतात. खेळाडू कोणत्या घरात जन्मला, त्यावर त्याची पुराणे ठरतात. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. वामन अवतार म्हणून पूज्य आहे आणि त्याने पाताळात घातलेल्या बळीचे राज्य यावे म्हणून दिवाळीत आपण ‘इडा पिडा टळो’ म्हणतो. दोन्ही एकाच घरात चालते, आणि त्यात काही विसंगत आहे असे कुणाला वाटत नाही. अद्भुत जग रचणाऱ्या बहुतेकांना ही दुहेरी निष्ठा जमत नाही. त्यांचे देव कार्यालयातल्या खात्यांसारखे असतात, पावसाचा एक, युद्धाचा एक.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २०२२ मध्ये आलेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या साहसांच्या संग्रहात मिमी मोंडल या लेखिकेने शंखभूमी नावाचा प्रदेश रचला आहे. नावापासूनच तिथला बंगाल ओळखू येतो.

प्रश्न : मी मित्रांसाठी स्वतःचे जग तयार केले आहे. नकाशा काढला, चौदा राजघराण्यांच्या वंशावळी लिहिल्या, चार हजार वर्षांचा इतिहास मांडला. खेळायला बसलो, तर अर्ध्या तासात दोघे मोबाइल पाहू लागले. काय चुकले? — एक वाचक, रत्नागिरी

वंशावळी चांगल्या असतील. पण त्या तुम्ही लिहून संपवल्यात, मग मित्रांनी करायचे काय? कादंबरीतले जग वाचकाला दाखवायचे असते, खेळातले जग दुसऱ्यांनी वापरून मळवायचे असते. ब्लॅकमूरची सुरुवात एका किल्ल्यापासून आणि त्याखालच्या भुयारांपासून झाली. गायगॅक्सचे ग्रेहॉकही असेच: आधी एका पडक्या किल्ल्याखालची तळघरे, आणि त्यांत उतरलेले पहिले खेळाडू म्हणजे त्याची स्वतःची दोन मुले. मग ती मंडळी लूट विकायला निघाली, म्हणून शहर आले, आणि त्या जगाचा भलामोठा नकाशा छापून निघाला तो १९८० साली. जग तळघरातून बाहेर वाढले, नकाशावरून खाली उतरले नाही.

म्हणून नकाशा गुंडाळून ठेवा आणि एक गाव घ्या. त्या गावाला आपल्या जगापेक्षा वेगळा असा एकच नियम द्या आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढत न्या. ‘डार्क सन’ या १९९१ सालच्या खेळातल्या जगात जादू करताना आसपासच्या झाडाझुडपांतला जीव शोषला जातो, एवढाच मुख्य नियम आहे, त्यातूनच वाळवंट आले, पाण्यावरून होणारे खून आले, मांत्रिकांचा द्वेष आला. तिथे धातू इतका महाग, की नाणीसुद्धा भाजलेल्या मातीची आहेत. ‘एबेरॉन’ या २००४ सालच्या जगात जादू ही कारखान्यातल्या विजेसारखी रोजच्या वापराची आहे. लगेच आगगाड्या आल्या, दिव्यांचे खांब आले, आणि जादूचा मक्ता असलेली व्यापारी घराणी आली. कीथ बेकर याची ही कल्पना प्रकाशकांकडे आलेल्या ११,०००हून अधिक प्रस्तावांतून निवडली गेली होती.

तुम्ही रत्नागिरीत राहता, म्हणजे सामग्री उशाशी आहे. सह्याद्री पाहा: वर देश, खाली कोकण आणि मध्ये मोजके घाट. ज्याच्या ताब्यात घाट, त्याची जकात. नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख कोरले गेले ते तिथून व्यापार जात होता म्हणूनच. तुमच्या जगातला घाट पावसाळ्यात चार महिने कुणा ‘दुसऱ्यांच्या’ ताब्यात जातो असे ठरवा आणि मिठाचे, लग्नांचे, टपालाचे काय होईल ते विचारत बसा. किंवा सिंधुदुर्गातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांनी, देवाचा कौल झाला की सगळे गाव गुरे-कोंबड्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री ओस पडते. ती खरी आणि जिवंत श्रद्धा आहे, तेव्हा गावाचे आणि देवाचे नाव मात्र बदला. त्यानंतर तुमच्या काल्पनिक गावाविषयी मित्रांनाच विचारा: त्या तीन रात्रींत गावात कोण वस्तीला येते, आणि मागे राहिलेला म्हातारा का राहिला? उत्तर तुमच्या वहीत आधीपासून लिहिलेले नसेल, तर फारच उत्तम.

चार हजार वर्षांचा इतिहास टाकून द्यायला मी सांगणार नाही, तेवढा मी निर्दय नाही. तो बखरीसारखा वापरा. बखरकार धन्याची बाजू घेतो, सन चुकवतो, सैन्याचा आकडा फुगवतो. एका घराण्याची बखर एका खेळाडूच्या हाती द्या आणि त्याच लढाईची दुसरी बखर दुसऱ्याच्या हाती. कुठली खरी, हे ठरवण्यासाठी ते दोघे रणभूमीवर जाऊन वीरगळ शोधू लागले, की मोबाइल आपोआप खिशात जातील. पुढच्या रविवारी एका पानाहून जास्त तयारी करू नका, आणि त्या पानावर गावातल्या दहा माणसांची नावे आधी लिहून ठेवा. खेळाडू नेमके ज्याचे नाव ठरलेले नसते त्यालाच ते विचारतात.